वेट वेलमधली चार मिनिटे: एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या ओव्हरफ्लोचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेचे हे केंद्र. गाव, नदी, ठेकेदार आणि यंत्रांचे ब्रँड वगळले आहेत. मापे आणि वेळा कामाला येतील अशा गोळा आकड्यांत दिल्या आहेत.

क्षमता १२ एमएलडी, म्हणजे दिवसाला १ कोटी २० लाख लिटर. प्रक्रिया एसबीआर, म्हणजे एकाच टाकीत हवा देणे, गाळ बसवणे आणि पाणी काढणे आळीपाळीने. शहराची भुयारी गटार योजना अर्धवट असल्यामुळे केंद्रात येणारे बरेचसे पाणी दोन नाले अडवून वळवलेले आहे. उन्हाळ्यात त्या नाल्यांतून फक्त मैलापाणी येते. जून लागला की त्यातच रस्त्यांवरचा पाऊस, वाळू आणि प्लॅस्टिक मिसळते, आणि गणपती-गौरीनंतर निर्माल्यही येते.

९०० मिमीच्या गटारवाहिनीतून पाणी जाळीवरून वेट वेलमध्ये, म्हणजे पंपांच्या विहिरीत, उतरते. वेट वेल ८ मीटर व्यासाची, म्हणजे साधारण ५० चौरस मीटर क्षेत्रफळाची. तीत ३० किलोवॅटचे पाच सबमर्सिबल पंप आहेत. प्रत्येकाची क्षमता १६ मीटर हेडला (चढवण्याची उंची अधिक पाइपातला विरोध) ताशी ३७५ घनमीटर. तीन चालू आणि दोन राखीव असे नियोजन. लोकसंख्या ५० हजार ते साडेसात लाख असेल तर सीपीएचईईओ मॅन्युअल, म्हणजे केंद्राची मलनिस्सारणाची मार्गदर्शक पुस्तिका, सरासरीच्या २.२५ पट कमाल प्रवाह धरायला सांगते. त्या हिशेबाने इथे ताशी ११२५ घनमीटर होतात आणि तीन पंपांची बेरीजही तितकीच येते. कागदावर हिशेब चोख होता.

वीज एकाच ११ केव्ही ग्रामीण फीडरवरून, ५०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमधून. २५० केव्हीएचा डीजी सेट (डिझेल जनरेटर) होता, पण तो हाताने चालू करायचा. पंपांना स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर आधी कमी आणि मग पूर्ण व्होल्टेजवर नेणारा. पातळी मोजायला एक अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि त्यावर पंप चालवणारा पीएलसी, म्हणजे कंट्रोल कॉम्प्युटर.

अडचण

एका पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, ओव्हरफ्लोच्या सांडीवरून मैलापाणी ओढ्यात गेल्याच्या २३ नोंदी झाल्या. ओढा पुढे नदीला मिळतो. तक्रारी आल्या, नोटीस आली. मग अशा वेळी सगळीकडे जे होते तेच झाले: "पंप कमी पडतात" असे गृहीत धरून दोन मोठे पंप आणि ४०० केव्हीएचा नवा डीजी असा १ कोटी ८ लाखांचा प्रस्ताव तयार झाला.

हा प्रस्ताव थांबला तो एका साध्या प्रश्नावर. २३ पैकी किती वेळा तीनही पंप पूर्ण क्षमतेने चालू असताना पाणी सांडले? याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ऑपरेटरच्या रजिस्टरमध्ये "लाइट गेली. डीजी चालू केला. पंप २ ट्रिप. ओव्हरफ्लो." एवढेच लिहिलेले, आणि वेळ बऱ्याचदा पाळी संपताना अंदाजाने टाकलेली.

नोंदी जुळवल्यावर काय दिसले

चार ठिकाणच्या नोंदी एकत्र ठेवल्या: रजिस्टर, पीएलसीमधला पातळीचा आलेख, वीज मीटरमधली खंडितपणाची नोंद आणि डीजीचा तास-मीटर. सुरुवातीला काहीच जुळेना. पीएलसीचे घड्याळ १७ मिनिटे मागे होते. ती दुरुस्ती केल्यावर २३ घटना तीन गटांत पडल्या.

१४ घटना वीजपुरवठ्याशी निगडित होत्या. ५ वेळा सेन्सरने पातळी चुकीची दाखवली किंवा पंपात चिंध्या अडकल्या. खऱ्या अर्थाने पाणी क्षमतेबाहेर गेले ते फक्त ४ वेळा.

वीजेच्या १४ घटनांचे गणित पातळीच्या भाषेत मांडले की चित्र स्वच्छ होते. तळापासून पातळ्या अशा: पंप बंद १.२० मीटरला, पहिला पंप २.०० ला, दुसरा २.४० ला, तिसरा २.८० ला आणि सांडीची कड ३.८० मीटरवर. पावसाळ्यातल्या सकाळी दोन पंप चालू असताना पाणी २.६० च्या आसपास असते. तिथून सांडीपर्यंत १.२० मीटर, म्हणजे ६० घनमीटर जागा उरते. सकाळच्या गर्दीत मिनिटाला १५ घनमीटर पाणी येते. वीज गेल्यापासून हातात चार मिनिटे.

आता ऑपरेटर काय करत होता ते पाहा. लॅब किंवा स्क्रीनपाशी असलेला माणूस डीजी रूमपर्यंत जाणार, कुलूप काढणार, सेट चालू करणार, व्होल्टेज स्थिर होऊ देणार, लाइनवरून डीजीवर नेणारा चेंजओव्हर स्विच फिरवणार, मग एमसीसी रूममध्ये (मोटरच्या पॅनलची खोली) येऊन रिले रिसेट करून पंप एकेक करून सुरू करणार. घड्याळ लावून मोजले तेव्हा चपळ माणसालाही ११ मिनिटे लागली, पावसात १४. म्हणजे गर्दीच्या वेळी वीज गेली की ओव्हरफ्लो ठरलेला. साधारण ७ ते १० मिनिटे पाणी सांडायचे: १०५ ते १५० घनमीटर. यात पंपांची संख्या कुठेच येत नाही. पाच ऐवजी सात पंप असते तरी ते त्या ११ मिनिटांत बंदच असते.

त्याहून वाईट गोष्ट आलेखात लपलेली होती. १४ पैकी ५ वेळा वीज गेलीच नव्हती. व्होल्टेज क्षणभर खाली गेले, कॉन्टॅक्टर (पंपांचे विद्युत स्विच) सुटले आणि लाइन लगेच पूर्ववत झाली. दिवे फक्त लुकलुकले. पण सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की पंप थांबवणारा रिले) हाताने रिसेट करायचा होता, त्यामुळे पंप तसेच थांबून राहिले. भोंग्याची वायर कधीतरी काढून ठेवलेली. रात्री पावणेतीनच्या अशा एका घटनेत पंप बंद असल्याचे ५५ मिनिटांनी लक्षात आले. मिनिटाला १० घनमीटर धरले तरी पहिली सहा मिनिटे वगळता ४९० घनमीटर सांडले. अर्ध्या सेकंदाचा डिप तासाभराच्या लोडशेडिंगपेक्षा महागात पडत होता, आणि रजिस्टरमध्ये त्या रात्री वीज गेल्याची नोंदच नव्हती.

तोललेले पर्याय

मोठे पंप. पाणी खरोखर जास्त आले अशा ४ घटनांत यांचा उपयोग झाला असता, तोही अर्धवट, कारण पुढे एसबीआरच्या टाक्या तेवढे पाणी घेत नाहीत. वेट वेलमधला ओव्हरफ्लो तिथे सरकला असता. नामंजूर.

एक्सप्रेस फीडर, म्हणजे सबस्टेशनपासून फक्त केंद्रासाठी स्वतंत्र लाइन. सबस्टेशन सहा किलोमीटरवर. वाटेत शेतांमधून आणि रेल्वेमार्गाखालून परवानग्या. खंडितपणा कमी झाला असता यात वाद नाही, पण वीज कोसळून होणारे डिप राहिले असते आणि किमान दोन पावसाळे वाट पाहण्यात गेले असते. अर्ज केला, पण भिस्त त्यावर ठेवली नाही.

सगळ्या पंपांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह. पुरवठादारांचा कल याकडे होता आणि सोबत ३० टक्के वीज बचतीचे आश्वासन. ते आश्वासन इथे लागू नव्हते, आणि का ते नीट समजून घेण्यासारखे आहे. एकूण १६ मीटर हेडपैकी १२ मीटर निव्वळ उंची आहे. ५०० मिमीच्या ३५० मीटर ऊर्ध्ववाहिनीतले घर्षण आणि पंप हाऊसमधले बेंड-व्हॉल्व्ह मिळून उरलेले ४. वेग कमी केला की पंपाचे हेड वेगाच्या वर्गाने घटते. या पंपाचे बंद व्हॉल्व्हवरचे हेड २४ मीटर. १२ भागिले २४ चे वर्गमूळ ०.७०७, म्हणजे ३५ हर्ट्झला पंप फिरतो, वीज खातो, पण पाणी वर चढतच नाही. उपयोगी पट्टा ४० ते ५० हर्ट्झ इतकाच. त्यात ३० टक्के बचत कुठून येणार?

तरीही व्हीएफडी हवेच होते, वेगळ्या कारणासाठी. स्टार-डेल्टामध्ये डेल्टावर जाताना बसणारा करंटचा झटका डीजीला नको होता, आणि येणाऱ्या पाण्याप्रमाणे वेग जुळवला तर पातळी खालच्या पट्ट्यात धरून ठेवता येते. म्हणजे वीज गेली त्या क्षणी वेट वेलमध्ये रिकामी जागा जास्त. निर्णय असा झाला: पंप १ आणि २ ला व्हीएफडी, उरलेल्या तिघांना मोटर हळूहळू वेगावर नेणारे सॉफ्ट स्टार्टर, बायपास कॉन्टॅक्टरसह. एक व्हीएफडी बिघडला तरी साधा, दुरुस्त करायला सोपा स्टार्टर हाताशी राहतो, हेही त्यामागे होते.

डीजी मात्र होता तोच ठेवला. तीन पंप मिळून सुमारे ७८ किलोवॅट आणि टाक्यांत हवा सोडणारा एक ब्लोअर ७० किलोवॅट, ०.८ पॉवर फॅक्टरने १८५ केव्हीए. २५० केव्हीएचा सेट पुरतो, फक्त सगळे एकदम सुरू करायचे नाही. ४०० केव्हीएचा सेट घेतला असता तर रात्री एका पंपावर तो दहा टक्क्यांहून कमी लोडने चालला असता आणि सायलेन्सरमध्ये काजळी-तेल साचवत राहिला असता.

सुधारित आराखडा ५८ लाखांत बसला.

प्रत्यक्ष कामे

*वीज बदल आणि क्रम.* डीजीला एएमएफ कंट्रोलर (वीज गेली की सेट आपोआप चालू करणारा) आणि चार पोलचा मोटराइज्ड चेंजओव्हर बसवला. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल दोन्ही इंटरलॉक. विद्युत निरीक्षकांची मंजुरी आधी घेतली. क्रम असा ठरला:

० सेकंद: वीज गेली
३: गेल्याची खात्री, डीजीला सेल्फ
१२: व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्थिर
१५: चेंजओव्हर
२०: पंप १, व्हीएफडीवर ८ सेकंदांत पूर्ण वेग
३२: पंप २
४४: पंप ३, सॉफ्ट स्टार्टवर १० सेकंद

ब्लोअरला तीन मिनिटे बंदी. पहिल्या पंपाआधीची २० सेकंदे डीजीपुरती नाहीत. पंप थांबला की पाइपातले पाणी मागे येते. एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळका असेल तर पंप उलटा फिरत राहतो. उलट्या फिरणाऱ्या पंपाला सुलटा स्टार्ट दिला तर शाफ्ट किंवा इम्पेलरची चावी जाते. म्हणून कुठल्याही कारणाने थांबलेल्या पंपाला २० सेकंदांची सक्तीची विश्रांती.

लाइन परत आल्यावर लगेच उडी मारायची नाही. पाच मिनिटे स्थिर राहिली तरच पंप क्रमाने थांबवून बदल करायचा. लाइन येते-जाते अशा पावसाळी रात्री हाच नियम पंप वाचवतो.

*डिप.* कंट्रोल सप्लाय आता ऑनलाइन यूपीएसवर आहे, म्हणून छोट्या डिपमध्ये कॉन्टॅक्टर सुटत नाहीत. व्होल्टेज ७० टक्क्यांच्या खाली ०.३ सेकंदापेक्षा जास्त राहिले तर मात्र पंप मुद्दाम सोडायचे आणि २० सेकंदांनी क्रमाने उचलायचे. फेज फेल्युअर रिले पाच सेकंदांच्या विलंबाने आपोआप रिसेट होणारा घेतला. फेज उलटल्याचा रिले मात्र हाताने रिसेट करायचाच ठेवला. लाइनवर काम करून दोन फेज अदलाबदल झाले तर सॉफ्ट स्टार्टरवरचा पंप उलटा फिरेल, आवाज येईल, करंट दिसेल आणि पाणी जवळपास काहीच चढणार नाही. अशा वेळी माणसाने येऊन पाहिलेच पाहिजे.

आपोआप सुरू होण्याला देखभाल करणाऱ्या कामगारांनी विरोध केला आणि तो रास्त होता. पंप वर ओढून चिंध्या काढत असताना तो फिरला तर बोटे जातील. वेट वेलच्या काठावर प्रत्येक पंपाला कुलूप लावता येणारा आयसोलेटर आणि "हा पंप न सांगता सुरू होतो" अशी पाटी लागल्यावरच ऑटो रिस्टार्ट चालू केले. हे काम मूळ अंदाजपत्रकात नव्हते.

*मोटर आणि केबल.* स्टार-डेल्टासाठी मोटरपर्यंत सहा तारा गेलेल्या होत्या. त्या जंक्शन बॉक्समध्ये यू१-डब्ल्यू२, व्ही१-यू२, डब्ल्यू१-व्ही२ अशा जोडून कायमचा डेल्टा केला. पॅनलपासून वेट वेल ८५ मीटर. जुनी इन्सुलेशनची मोटर आणि इतकी लांब केबल म्हणजे व्हीएफडीच्या पल्समुळे मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेजचे उंच काटे. म्हणून दोन्ही व्हीएफडीच्या आउटपुटला डीव्ही-डीटी फिल्टर. मोटरमधल्या थर्मिस्टरच्या आणि सील गळल्याचे सांगणाऱ्या ओल-सेन्सरच्या तारा आधीपासून पंपात होत्या. पॅनलमध्ये त्या गुंडाळून ठेवलेल्या सापडल्या. आता जोडल्या आहेत.

*पातळी.* अल्ट्रासॉनिकला फेस, बाष्प आणि कोळिष्टके तिन्ही फसवतात. फेसामुळे प्रतिध्वनी परत आला नाही की सेन्सर शेवटचा आकडा धरून बसायचा, आणि पीएलसी खुशाल एकच पंप चालवायचा. आता मुख्य मोजणी ८० गिगाहर्ट्झ रडारने. दुसरी मोजणी पाण्यात सोडलेल्या हायड्रोस्टॅटिक ट्रान्समीटरने, १५० मिमीच्या छिद्र पाडलेल्या पाइपात. दोघांत २०० मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर अलार्म, आणि पंपांसाठी जो आकडा मोठा तो खरा मानायचा. ड्राय रनसाठी खालचा फ्लोट स्वतंत्र आहे, म्हणून मोठा आकडा मानण्यात पंपाला धोका नाही.

३.२० मीटरवर आणखी एक फ्लोट. याची वायर पीएलसीत जात नाही. तो उचलला गेला की साध्या रिलेमधून पंप ३, ४ आणि ५ टायमरच्या अंतराने सुरू होतात, पीएलसी मेला असला तरी. वेट वेलमध्ये मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचतात, म्हणून आत जाणारे सगळे सिग्नल ठिणगी होऊ न देणाऱ्या बॅरिअरमधून नेले. सगळे सेन्सर वरच्या स्लॅबवरून ब्रॅकेटसह ओढून काढता येतील असे लावले. सेन्सर पुसायला माणूस खाली उतरवायचा, ही पद्धत २०१३ च्या कायद्याने आणि साध्या माणुसकीनेही बंद असायला हवी.

*पॅनल रूम.* हा भाग अंदाजपत्रकात सर्वांत लहान होता, प्रत्यक्षात सर्वांत डोळे उघडणारा ठरला. जुन्या एमसीसीचे दार उघडल्यावर तांब्याचे बसबार कोळशासारखे काळे. रिलेचे चांदीचे कॉन्टॅक्टही काळवंडलेले. हाताने दाबले की चिकटत, सोडले की कधी लागत, कधी नाही. "कधीकधी विनाकारण ट्रिप होतो" या तक्रारीचे कारण तिथे होते. वेट वेलमधला हायड्रोजन सल्फाइड केबलच्या पाइपांतून आणि ट्रेंचमधून सरळ पॅनलच्या पोटात येत होता. त्याच वाटेने जोराच्या पावसात पाणीही यायचे.

पाइपांची तोंडे सीलिंग कंपाउंडने बंद केली, केबल वेट वेलबाहेरच्या उघड्या जंक्शन बॉक्समधून तोडून नेल्या, पॅनल ९०० मिमी उंच ओट्यावर चढवले. नवे कार्ड कोटिंग केलेले मागवले. खोलीत कार्बन फिल्टरमधून हवा ढकलणारा पंखा लावला, म्हणजे खोलीतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहतो आणि वायू आत शिरत नाही. इनकमरला (पॅनलच्या मुख्य ब्रेकरला) टाइप १ आणि २ सर्ज प्रोटेक्शन, सेन्सरच्या तारांना वेगळे. आधीचा सेन्सर विजेने दोनदा गेला होता.

*नाल्याचे गेट.* ज्या ४ घटनांत पाणीच जास्त होते, त्यांच्यासाठी एका नाल्याच्या गेटला इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर बसवला. तीन पंप चालू असूनही पातळी ३.४० ला पोहोचली तर गेट टप्प्याटप्प्याने मिटते. यावर बैठकीत बराच वाद झाला. गेट मिटले की पावसाने पातळ झालेले मैलापाणी नाल्यातून पुढे जाते. वेट वेल वाचते, पंपात वाळू जात नाही, पण हा ओव्हरफ्लो मिटवणे नसून त्याची जागा बदलणे आहे. म्हणून अट घातली: गेट मिटल्याची प्रत्येक वेळ ओव्हरफ्लो म्हणूनच नोंदवायची. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या अटींशी ताडून, मंडळाला लेखी कळवून मगच ते वापरात आणले. खरे उत्तर म्हणजे पावसाळी पाण्याची साठवण टाकी. ती या कामाच्या कक्षेबाहेर राहिली.

चाचणी: पहिल्या दोन फसल्या

ठेकेदाराने दुपारी दीड वाजता, वेट वेल अर्धी रिकामी असताना चाचणी घेऊन दाखवली. ती मान्य केली नाही. सकाळी सव्वाआठला, पाणी २.६० वर असताना, इनकमर ब्रेकर हाताने पाडायचा असे ठरले. सांडीवर एक माणूस, डीजीपाशी एक, पॅनलपाशी एक, गेटवर एक.

पहिल्या वेळी डीजी १२ सेकंदांत आला, चेंजओव्हर झाला आणि पुढे काहीच नाही. पीएलसी बंद पडून पुन्हा बूट होत होता. यूपीएसचा बायपास स्विच बसवणाऱ्याने बायपासवरच सोडला होता. म्हणजे यूपीएस होता, पण सर्किटमध्ये नव्हता. बूट व्हायला ७० सेकंद. पाणी सांडले नाही, पण ३.२० चा फ्लोट उचलला गेला आणि पंप त्यानेच सुरू केले. फसलेल्या चाचणीत फ्लोटची चाचणी फुकटात झाली.

दुसऱ्या वेळी पंप ३ आला. १ आणि २ नाही. दोन्ही व्हीएफडी अंडरव्होल्टेज फॉल्ट दाखवून रिसेटची वाट पाहत उभे. कारखान्यातून येताना ऑटो रिसेट बंद असतो. तो तासाला तीन प्रयत्नांपुरता चालू केला. त्यापेक्षा जास्त वेळा ट्रिप होत असेल तर दोष दुसराच आहे.

तिसऱ्या वेळी ५६ सेकंदांत तीनही पंप चालू. पातळी २.६० वरून २.७९.

चालू केल्यानंतर बिघडलेले

तिसऱ्या आठवड्यात एपीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या) पॅनलमधले दोन कपॅसिटर डब्यासारखे फुगले. पॅनल जुने, साध्या ४४० व्होल्ट कपॅसिटरचे, आणि कामाच्या कक्षेत नव्हते. व्हीएफडी पाचवा आणि सातवा हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पाच आणि सात पट फ्रिक्वेन्सीचे करंट, तयार करतात. एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूची शॉर्टसर्किट क्षमता सुमारे ८ एमव्हीए, त्या वेळी जोडलेले कपॅसिटर १६० केव्हीएआर. ८००० भागिले १६० चे वर्गमूळ ७.०७. बरोबर सातव्या हार्मोनिकवर अनुनाद. हा हिशेब कागदाच्या पाठीवर दोन मिनिटांत होतो, पण आधी कोणी केला नाही. नंतर ७ टक्के डीट्यून्ड रिॲक्टर बसवले, ज्यामुळे अनुनाद १८९ हर्ट्झवर, पाचव्या हार्मोनिकच्याही खाली गेला. रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचे व्होल्टेज चढते, म्हणून कपॅसिटर ५२५ व्होल्टचे. डीजीवर असताना कपॅसिटर पूर्ण बंद, चेंजओव्हरच्या सहायक कॉन्टॅक्टवरून.

दुसरी गोष्ट गाळाची. रात्री एकच पंप ४० हर्ट्झवर रेंगाळत चालला की ५०० मिमीच्या पाइपात वेग इतका कमी होतो की वाळू खाली बसते. दोन महिन्यांत त्याच पाण्याला करंट वाढलेला दिसला. आता रोज पहाटे पातळी मुद्दाम चढू देऊन दोन पंप पूर्ण वेगाने सहा-सात मिनिटे चालवतात. शिवाय व्हीएफडीवरचा पंप दर सुरुवातीला आधी ५० हर्ट्झवर जातो, मग वेग उतरवतो; त्याने इम्पेलरवर चिंध्या कमी गुंडाळल्या जातात.

तिसरी, अलार्म. एसएमएस मोडेम जोडल्यावर पहिल्या रात्री ४० संदेश गेले. तिसऱ्या रात्री सगळ्यांनी फोन म्यूट केले. यादी कापून सहावर आणली: वीज गेली आणि डीजी आला नाही, ३.२० फ्लोट, सेन्सरमध्ये फरक, दोन पंप एकदम फॉल्टवर, गेट मिटले, सिलेक्टर मॅन्युअलवर अर्ध्या तासाहून जास्त.

निष्पत्ती

पुढच्या पावसाळ्यात ८ नोंदी झाल्या. पाऊस सारखा नव्हता, त्यामुळे २३ आणि ८ यांची सरळ तुलना करणे प्रामाणिक ठरणार नाही. वीजेच्या घटनांची तुलना मात्र करता येते: आधीच्या पावसाळ्यात ६१ वेळा वीज गेली किंवा डिप आला, त्यांतल्या १४ वेळा पाणी सांडले. नंतर ५८ पैकी एकदा. त्या एका वेळी डीजीचा डिझेल कॉक सर्व्हिसिंगनंतर बंदच राहिला होता. सेन्सर आणि चिंध्यांच्या घटना ५ वरून २ वर. त्यांतल्या एकीत पंप साफ करून सिलेक्टर ऑटोवर परत टाकायचा राहिला. मॅन्युअलचा अलार्म त्यानंतरचा.

क्षमतेबाहेरचे पाणी मात्र ४ ऐवजी ५ वेळा आले, पाचही वेळा गेट मिटवावे लागले. यात विद्युत कामाने काही फरक पडणार नव्हता आणि पडला नाही. साठवण टाकीचा प्रस्ताव आता या पाच नोंदींच्या आधारावर उभा आहे.

वीज बचत साधारण ६ टक्के भरली.

हेच काम पुन्हा करायचे झाले तर

एपीएफसी पॅनल पहिल्या दिवसापासून कामात धरावे. आयसोलेटर आणि पाट्या नंतर सुचलेल्या नकोत, मूळ अंदाजपत्रकात हव्यात.

खोलीत हवा ढकलणारा पंखा आणि व्हीएफडीची उष्णता यांचा विचार एकत्र झाला नाही. दोन व्हीएफडी मिळून दीड-दोन किलोवॅट उष्णता सोडतात. कार्बन फिल्टर भरला की हवा कमी होते आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी ओव्हरटेम्परेचरचे ट्रिप येतात. फिल्टरवर दाबफरक दाखवणारी साधी नळी लावली असती तर बदलण्याची वेळ डोळ्यांनी दिसली असती. आता ती लावली आहे.

डीजीची साप्ताहिक चाचणी आधी विनालोड दहा मिनिटे होत असे. त्यात बॅटरी कळते, बाकी काही नाही. सध्या दर बुधवारी सकाळी आठला इनकमर पाडून पंपांसह अर्धा तास चालवतात आणि रजिस्टरमध्ये एकच आकडा लिहितात: तिसरा पंप किती सेकंदांनी लागला. ५६ ने सुरुवात झाली होती; एका बुधवारी ८३ आला, तेव्हा डीजी दुसऱ्या सेल्फला उचलत असल्याचे कळले आणि बॅटरी बदलली.

पीएलसी, मीटर आणि डीजी कंट्रोलर यांची घड्याळे महिन्याच्या एक तारखेला जुळवायची, हे कामही त्याच रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.